मोबाइलच्या फोटोवर तारीख-वेळ छापावी का? आणि आधीच काढलेल्या फोटोंचं काय?

अनघा_क | ४ मार्च, रात्री ९:४०

बाबांच्या डाव्या टाचेवर जखम झाली आहे, दीड महिना होत आला. एक दिवसाआड ड्रेसिंग असतं. जुनी पट्टी सोडली की फोटो काढायचा आणि डॉक्टरांना पाठवायचा असं ठरलंय, म्हणजे दर वेळी बाबांना तिथवर न्यावं लागत नाही. फोटो मी काढते, मी नसले की धाकटा भाऊ.

काल तपासणीला गेलो होतो. डॉक्टरांनी दोन फोटो शेजारी शेजारी धरले आणि विचारलं, "यातला आधीचा कुठला?" एकात जखमेच्या कडेला लाली जास्त, दुसऱ्यात कमी. लाली चढतेय की उतरतेय, ते सगळं या एका उत्तरावर होतं आणि मला ते देता आलं नाही. भावाने काढलेले फोटो माझ्या फोनमध्ये भलत्याच दिवसांखाली जाऊन बसले होते. डॉक्टर काही बोलले नाहीत, पण बाबा माझ्याकडे बघत होते. ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

आता प्रत्येक फोटोवर तारीख-वेळ आपोआप उमटावी असं वाटतंय. कशी उमटवायची? झालेल्या ४१ फोटोंवर नंतर टाकता येईल का? बहीण म्हणते फोटोवर आकडे छापू नकोस, फोटो खराब होतो. तुम्ही काय करता?

निखिल७७ | ४ मार्च, रात्री ९:५८

फोन कुठला आहे? सॅमसंगच्या नव्या फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये 'वॉटरमार्क' आहे, त्यात तारीख आणि वेळ निवडता येते. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी यांच्याही बहुतेक फोनमध्ये वॉटरमार्कखालीच सापडेल. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात आणि गुगल पिक्सेलच्या कॅमेऱ्यात ही सोय नाही, तिथे वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं.

अँड्रॉइड असेल तर 'ओपन कॅमेरा' बघा. फुकट आहे, जाहिराती नाहीत. फोटो सेटिंग्जमध्ये शिक्का उमटवण्याचा पर्याय आहे, तो मुळात बंद असतो, चालू करावा लागतो. तारखेची मांडणी, अक्षरांचा आकार, रंग, सगळं निवडता येतं.

हे सगळं पुढच्या फोटोंसाठी. झालेल्यांवर वेगळ्या तऱ्हेने टाकावं लागेल.

सदानंद_र | ४ मार्च, रात्री १०:२५

अनघा, आधी एक गोष्ट. तुझ्या फोटोंवर तारीख आहेच, ती फक्त डोळ्यांना दिसत नाही.

फोन फोटो काढतो तेव्हा चित्रासोबत त्याच फाइलमध्ये एक छोटी नोंदवही जोडतो. तिला एक्झिफ म्हणतात. जपानमध्ये १९९५ साली हे प्रमाण ठरलं आणि तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक डिजिटल कॅमेरा ते पाळतो. कॅमेऱ्याचं मॉडेल, शटरचा वेग, लोकेशन चालू असेल तर ठिकाण आणि तारीख-वेळ, सेकंदापर्यंत. तारखेच्याही तीन नोंदी असतात: फोटो काढला कधी, त्याचं डिजिटल रूप झालं कधी आणि फाइलमध्ये शेवटचा बदल झाला कधी. फोनच्या फोटोत पहिल्या दोन एकच असतात. तुझ्या कामाची ती पहिली.

गुगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकव, खाली तारीख दिसेल. आयफोनमध्येही तसंच, आयओएस १५ पासून.

तू स्वतः काढलेल्या फोटोंची ही नोंद शाबूत असणार. गडबड झाली असेल ती भावाच्या फोटोंत. ते तुझ्याकडे कसे आले?

अनघा_क | ४ मार्च, रात्री १०:३१

व्हॉट्सअ‍ॅपवर.

सदानंद_र | ४ मार्च, रात्री १०:४४

मग कारण सापडलं. व्हॉट्सअ‍ॅप फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आकसून नव्याने जतन करतं आणि त्यात ती नोंदवही गळून पडते. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात आयएमजी, मग वर्ष-महिना-दिवस असे आठ आकडे, मग डब्ल्यूए असं दिसेल. ते आकडे फोटो काढल्याचा दिवस सांगत नाहीत, फोटो तुझ्याकडे पोचला त्याचा दिवस सांगतात. भावाने चार दिवसांचे फोटो एकदम पाठवले असतील तर चारही एकाच दिवसाचे दिसणार.

उपाय सोपा आहे. भावाच्या फोनमध्ये मूळ फोटो अजून असतील तर त्याला ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांग. तसं पाठवलं की फाइल जशीच्या तशी येते, तारखेसकट. त्याला आजच सांग, त्याने फोन रिकामा करायच्या आत.

छायाप्रकाश | ४ मार्च, रात्री ११:१०

सदानंदरावांशी पूर्ण सहमत, आणि म्हणूनच शिक्का छापायच्या विरोधात आहे. तारीख आत असताना ती चित्रावर कोरायची कशाला?

मी फिल्मच्या काळापासून फोटो काढतो. तेव्हाच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांच्या पाठीत तारखेची सोय असायची. आतले बारीक दिवे फिल्मवरच आकडे जाळायचे, उजव्या कोपऱ्यात, नारिंगी. एकदा उमटले की उमटले. माझ्या भाचीचा पहिलं पाऊल टाकतानाचा एकच फोटो आहे आणि तिच्या पावलावर नारिंगी '८८ लिहिलंय. पाऊल दिसत नाही, साल दिसतं. गंमत म्हणजे ते सालही चुकीचं आहे, बॅटरी बदलल्यावर कुणी घड्याळ लावलं नव्हतं.

फोनवरचा शिक्काही असाच. फोटो फ्रेमसाठी चौकोनी कापला की आकडे अर्धे तुटतात. नंतर पुसायला गेलात तर खालचं चित्र परत येत नाही, सॉफ्टवेअर अंदाजाने काहीतरी भरतं.

मेघना_वि | ४ मार्च, रात्री ११:२८

छायाप्रकाश, तुमचा अनुभव पटतो, पण माझा उलटा आहे. आईच्या जुन्या अल्बममध्ये शंभरेक फोटो आहेत. कोण कुठला, कुठल्या साली, सांगणारं आता कुणी उरलं नाही. जे बारा-पंधरा नारिंगी आकड्यांचे आहेत तेवढ्यांचाच आधार आहे. त्यांच्याभोवती बाकीचे लावत गेले: ही साडी तिकडेही दिसते, म्हणजे हा त्याच्या जवळपासचा. आकडे नसते तर सुरुवातच झाली नसती.

ते आकडे कुरूप आहेत हे खरं. तरी मला ते फार प्रिय आहेत.

छायाप्रकाश | ४ मार्च, रात्री ११:३६

मेघना, हे वाचून थांबलो. कागदावरच्या फोटोला दुसरी नोंदवहीच नव्हती, तेव्हा तुमचं बरोबर. माझा आक्षेप आजच्या फोटोंपुरता.

जाता जाता: त्या जुन्या तारखेच्या कॅमेऱ्यांपैकी कितीतरी २०१९ पर्यंतच मोजायचे. माझ्याकडचा चालू आहे, फिल्म घालतो, पण आजचं साल त्याला लावताच येत नाही.

साइटवरचा | ५ मार्च, सकाळी ७:१५

मी बांधकामावर असतो आणि माझ्या कामात शिक्क्याशिवाय फोटोला किंमत नाही. स्लॅब टाकायच्या आधी सळ्यांची बांधणी, कव्हर ब्लॉक, भिंतीत गाडलेले पाइप, हे सगळं एकदा झाकलं गेलं की पुन्हा दिसत नाही. सहा महिन्यांनी ओल आली की वाद होतो, पाइप कधी टाकला, जोड कुणी तपासला. तेव्हा मीटिंगमध्ये फोटो उघडून "वर सरकवा, खाली तारीख दिसेल" असं सांगत बसायला वेळ नसतो. फोटो कागदावर छापून फाइलला लावलेला असतो. कागदाला एक्झिफ नसतं.

आम्ही 'टाइमस्टॅम्प कॅमेरा' वापरतो. तारीख, वेळ, ठिकाण, कामाचं नाव, मजला, सगळं एका पट्टीत खाली. नव्या पोरांना पहिल्या दिवशी एवढंच सांगतो, पट्टी सळईवर येऊ देऊ नका, मोकळ्या जागेवर येईल असा फोटो धरा.

तेव्हा अनघाताई, फोटो बघणारा माणूस कोण आहे त्यावर ठरवा. तुमच्या डॉक्टरांना घाईत बघायचं असतं. वर दिसलं तर बरं.

वकील_मित्र | ५ मार्च, सकाळी ९:०५

वर छापलेली तारीख बघायला सोयीची आहे, पण तिला पुरावा समजू नका. बहुतेक शिक्का-अ‍ॅप फोनचं घड्याळ वाचतात. आपोआप वेळ बंद करा, हाताने गेल्या महिन्याची तारीख लावा, फोटो काढा, गेल्या महिन्याचा शिक्का तयार. एक्झिफही संगणकावर दोन मिनिटांत बदलता येतं.

वाद होण्याची शक्यता असेल तर मूळ फाइल न छेडता ठेवा, ज्या फोनने काढली तो फोन ठेवा, आणि फोटो काढल्याबरोबर समोरच्याला ईमेल करा, म्हणजे एक नोंद तुमच्या हाताबाहेर तयार होते. त्याहून पुढे जायचं तर फाइलचा हॅश काढून ठेवता येतो. शा-२५६ पद्धतीने कुठल्याही फाइलची ६४ अक्षरांची खूण निघते आणि चित्रातला एक ठिपका बदलला तरी खूण पार वेगळी येते.

साइटवरचा | ५ मार्च, सकाळी ९:२०

मान्य. आमच्याकडे एकाने असं घड्याळ मागे फिरवून फोटो दिले होते. पकडला गेला तो सावलीमुळे. शिक्का सकाळी नऊचा, आणि खांबाची सावली पूर्वेकडे पडलेली.

तारांगण | ५ मार्च, सकाळी १०:०२

सावलीवरून आठवलं, थोडं अवांतर. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सचं न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचं छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. सूर्य मावळत होता, थडग्यांच्या क्रुसांवर शेवटचा उजेड होता, आणि लाइटमीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, सापडेना. चंद्राचं तेज किती हे त्याला पाठ होतं, त्यावरून हिशेब करून त्याने फोटो घेतला. एवढा नेमका माणूस, पण तारीख लिहून ठेवली नाही. पुढे तो स्वतःच वेगवेगळी सालं सांगायचा.

अखेर खगोल अभ्यासकांनी चंद्राची जागा आणि डोंगररांगा मोजून तारीख काढली. आधीचा हिशेब ३१ ऑक्टोबर १९४१ असा आला होता. १९९१ मध्ये डेनिस डी चिको यांनी तो तपासून दुरुस्त केला: १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं. फोटो काढून पन्नास वर्षं झाल्यावर.

चित्रात आकाश असेल तर ते स्वतःच घड्याळ असतं. टाचेच्या फोटोत मात्र आकाश नाही, तेव्हा अनघाताईंचा प्रश्न तसाच राहतो.

घरभाडेकरी | ५ मार्च, दुपारी १२:४०

वकील_मित्र यांनी ईमेलचं लिहिलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर! भाड्याचं घर सोडताना मी प्रत्येक खोलीचे फोटो काढले होते, भिंती स्वच्छ, नळ चालू. घरमालकांनी नंतर भिंतीवरच्या डागांसाठी अनामत रक्कम कापली. फोटो दाखवले तर म्हणाले, हे तुम्ही राहायला आलात तेव्हाचे कशावरून नाहीत? मध्ये फोन बदलला होता आणि फोटो जुन्या फोनमधून व्हॉट्सअ‍ॅपवरूनच स्वतःला पाठवले होते. तारखा गेल्या. मूळ फोन विकून टाकलेला.

पैशांपेक्षा खोटं ठरवलं गेल्याचं जास्त लागलं.

वकील_मित्र | ५ मार्च, दुपारी १:१५

वाईट वाटलं वाचून. पुढच्या वेळी चावी देताना मालकांसमोरच फोटो काढा आणि तिथेच उभं राहून त्यांना पाठवा. संदेशावरची वेळ दोघांच्याही फोनमध्ये राहते.

पूर्वा_एस | ५ मार्च, दुपारी २:३०

फोटो खरा की छेडलेला हे ओळखायचं तंत्रही पुढे चाललंय. २०२१ मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी मिळून सी२पीए नावाचं प्रमाण सुरू केलं. फोटो काढतानाच कॅमेरा त्यावर डिजिटल सही करतो, नंतर कुणी छेडछाड केली की सही जुळत नाही. २०२३ चा लायका एम११-पी हा ते घेऊन आलेला पहिला कॅमेरा, आणि २०२५ च्या पिक्सेल १० मध्ये ते फोनच्या कॅमेऱ्यातच आलं. सगळ्या फोनमध्ये येईल तेव्हा घड्याळ मागे फिरवणाऱ्यांची पंचाईत होईल.

केतन_भटक्या | ५ मार्च, दुपारी ४:१०

माझी तक्रार वेगळीच आहे. परदेशातून आलो, फोटो आणि व्हिडिओ एकत्र केले, तर व्हिडिओ फोटोंच्या कितीतरी तास मागे-पुढे. आम्ही शिखरावर पोचलो त्याचा व्हिडिओ पायथ्याच्या फोटोंच्या आधी येतो. फोन एकच, दिवस एकच. असं का?

सदानंद_र | ५ मार्च, दुपारी ४:५५

कारण फोटो आणि व्हिडिओ दोन वेगळ्या घड्याळांवर चालतात. एक्झिफमध्ये त्या ठिकाणची स्थानिक वेळ लिहितात. व्हिडिओच्या एमपी४ फाइलमध्ये मात्र जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, लिहायची पद्धत आहे. बघणाऱ्या सॉफ्टवेअरने फरक जुळवला नाही की ठरावीक तासांचं अंतर पडतं. पिक्सेल फोन तर फोटोच्या फाइलच्या नावातही यूटीसी वेळ घालतो, त्यामुळे नावातली वेळ आणि आतली वेळ वेगळी दिसते, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

एक्झिफमध्ये कितीतरी वर्षं 'ही वेळ कुठल्या विभागाची' हे लिहायला जागाच नव्हती. ती २०१६ च्या आवृत्तीत आली. तुमचा फोन ती भरत असेल तर चांगलं सॉफ्टवेअर क्रम नीट लावतं. नसेल तर 'एक्झिफटूल' हे फुकट साधन आहे, फिल हार्वे यांनी केलेलं. सगळ्या व्हिडिओंची वेळ एकदम ठरावीक तासांनी पुढे-मागे सरकवता येते. आधी प्रत काढून ठेवा आणि प्रतीवर करा.

केतन_भटक्या | ५ मार्च, संध्याकाळी ६:२०

जमलं! शिखर शिखराच्या जागी आलं. मनापासून आभार.

मेघना_वि | ५ मार्च, संध्याकाळी ६:४८

सदानंदराव, मीही एक विचारते. आईचे फोटो स्कॅन केले तर सगळे स्कॅनच्या दिवसाखाली गेले. साल अंदाजे माहीत आहे, दिवस नाही. काय भरू? आणि काही फोटो १ जानेवारी १९७० चे का दाखवतो? त्यातल्या एकाही फोटोचा त्या दिवसाशी संबंध नाही.

सदानंद_र | ५ मार्च, संध्याकाळी ७:३०

१९७० आधी सांगतो. संगणकाच्या एका मोठ्या घराण्यात वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. तारखेची जागा रिकामी किंवा शून्य असली की सॉफ्टवेअर तिला तोच दिवस समजतं. कधी १ जानेवारी १९८० दिसेल, ती मेमरी कार्डाच्या फाइल-पद्धतीची सुरुवात. दोन्हींचा अर्थ एकच: तारीख नाही.

अंदाजे सालासाठी मी १ जानेवारी, रात्री बारा अशी वेळ घालतो आणि वर्णनात 'साल अंदाजे, साडीवरून' असं कारण लिहितो. ते कारण नक्की लिहा. दहा वर्षांनी कुणाला वाटायला नको की तुम्हाला पक्कं माहीत होतं. आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. पेन्सिलीने काही लिहिलेलं असतं, ते स्कॅनमध्ये फिकट दिसलं तरी असू द्या.

मेघना_वि | ५ मार्च, संध्याकाळी ७:४१

मागची बाजू! ते डोक्यातच आलं नव्हतं. आज बसते.

परिचारिका_म | ५ मार्च, रात्री ९:१०

सगळा धागा वाचला. अनघा, मूळ प्रश्नाकडे येते. जखमांची निगा हेच माझं काम आहे आणि अशा फोटोंसाठी आम्ही कुठलंही अ‍ॅप वापरत नाही. कागद वापरतो.

कागदाची एक पट्टी घे, साधारण बोटभर रुंद. एका कडेला मोजपट्टीने सेंटिमीटरच्या खुणा कर, दहापर्यंत पुरेत. त्यावर जाड पेनाने तारीख, वेळ आणि 'डावी टाच' लिही. महिना अक्षरात लिही. ०४/०३ असं लिहिलं तर कुणी ४ मार्च वाचेल, कुणी ३ एप्रिल. नाव लिहू नको. पट्टी जखमेच्या शेजारी, चांगल्या कातडीवर, जखमेला न टेकता ठेव आणि तिच्यासकट फोटो काढ. दर वेळी नवी पट्टी, जुनी फेकून द्यायची.

याने तारीख चित्रातच येते. व्हॉट्सअ‍ॅपने काही गाळलं तरी ती जात नाही, आणि फोटो कुठल्याही फोनने काढला तरी चालतो. त्याहून महत्त्वाचं, डॉक्टरांना जखमेचं माप मिळतं. नुसत्या फोटोत फोन दोन बोटं जवळ नेला की जखम मोठी दिसते, लांब धरला की लहान. खुणा असल्या की लबाडी चालत नाही.

आणखी थोडं. आधी लांबून एक फोटो, म्हणजे पायाचा कुठला भाग ते कळतं, मग जवळून एक. फोन जखमेच्या अगदी समोर धर, तिरका नको. फ्लॅश बंद, ओल्या जागी चमक येते आणि खरा रंग लपतो. खिडकीपाशी, रोज त्याच वेळी, पायाखाली एकाच रंगाचं साधं कापड. लालीची तुलना करायची तर उजेड सारखा हवा. तुझ्या त्या दोन फोटोंत लालीचा फरक जखमेचा होता की दिव्याचा, हेही तपास. एक खिडकीतला आणि एक ट्यूबलाइटखालचा असू शकतो.

साइटवरचा | ५ मार्च, रात्री ९:२५

ताई, अगदी बरोबर. आम्हीही भिंतीतल्या भेगेशेजारी मोजपट्टी धरतो, नाहीतर भेग वाढली की नाही हे फोटोवरून कळत नाही. जखमेलाही हेच लागू असेल असं मनात आलं नव्हतं.

छायाप्रकाश | ५ मार्च, रात्री ९:४०

या शिक्क्याला माझा काहीच आक्षेप नाही. फोटो काढण्याआधी समोर ठेवलेली गोष्ट ही फोटोचाच भाग आहे. उजेडाबद्दल जे लिहिलंय ते तर प्रत्येकाने वाचावं. फोन रंग आपल्या मनाने सुधारतो, तेव्हा पट्टीचा कागद पांढराशुभ्र घ्या. दोन फोटोंत कागद सारखा पांढरा दिसला तर कातडीच्या रंगावर विश्वास ठेवता येतो.

निखिल७७ | ५ मार्च, रात्री १०:०५

मीही वॉटरमार्कचा सल्ला मागे घेतो. एक मात्र राहिलं, फोनचं 'आपोआप तारीख-वेळ' चालू आहे का ते दोन्ही फोनमध्ये बघून घ्या. आणि हे फोटो काढताना कॅमेऱ्याची लोकेशन-नोंद बंद ठेवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की घराचा पत्ताही सोबत जातो.

अनघा_क | ६ मार्च, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

भावाकडे मूळ फोटो होते. ४१ पैकी १३ त्याने काढलेले, तेरा डॉक्युमेंट म्हणून मागवले, प्रत्येकाची आतली तारीख पाहिली आणि वहीत क्रम लिहिला. डॉक्टरांनी विचारलेले ते दोन फोटोही सापडले. जास्त लालीचा आधीचा होता. तीन दिवस पोटात जो गोळा होता तो तिथे सुटला.

मग परिचारिकाताईंनी सांगितलं तसं उजेडाकडे पाहिलं. आधीचा रात्री पावणेनऊचा, ट्यूबलाइटखालचा. नंतरचा सकाळचा. म्हणजे उतरलेली लाली किती खरी आणि किती उजेडाची, हे त्या दोघांवरून सांगता येत नाही. सकाळचे सगळे फोटो वेगळे काढून क्रमाने लावले, तर त्यांतही लाली उतरतच आली आहे. ते नऊ फोटो डॉक्टरांना पाठवले, प्रत्येकाखाली तारीख लिहून. उत्तर आलं: "आता नीट दिसतंय. याच पद्धतीने पाठवत राहा."

आज पहिली पट्टी केली.

परिचारिका_म | ६ मार्च, रात्री ९:१५

छान केलंस. रात्रीचे फोटो टाकून देऊ नकोस, मापासाठी उपयोगी पडतील.

अनघा_क | २ एप्रिल, सकाळी १०:२०

बरेच दिवसांनी लिहितेय. पट्ट्या आता बाबाच करतात. पहिल्या दोन मी केल्या, तिसऱ्या दिवशी म्हणाले, आण इकडे, तुझ्या खुणा वाकड्या आहेत. ते ड्राफ्ट्समन होते. ड्रेसिंगच्या आदल्या रात्री टेबलावर बसून पट्टी आखतात, सेंटिमीटरच्या मध्ये मिलिमीटरच्या बारीक रेघाही, आणि तारीख त्यांच्या त्या नकाशावरच्या अक्षरांत. वेळेची जागा तेवढी मोकळी सोडतात, ती फोटो काढायच्या क्षणी घड्याळ बघून भरतात.

६ मार्चच्या पट्टीवर जखम ३.१ सेंटिमीटर होती. आजच्यावर १.४.

सदानंद_र | २ एप्रिल, सकाळी १०:४५

बाबांना नमस्कार सांग. आणि त्या पट्ट्या फोटोत नीट वाचता येतात का?

अनघा_क | २ एप्रिल, सकाळी ११:०२

लांबून काढलेल्या फोटोतही वाचता येतात. डॉक्टरांनी विचारलं, ही पट्टी कुठे छापून मिळते?